पोटातला घोड्याचा नाल

१८८३ साली न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय नियतकालिकात विल्यम पोल्क नावाच्या सर्जनने आपली एक केस छापली. रोगी तरुण मुलगी, वय एकोणीस. तिच्या ओटीपोटात एक गाठ हाताला लागत होती आणि तिचा त्रास होत होता. ही गाठ म्हणजे जागा सोडलेली किडनी आहे, असं निदान झालं आणि ती काढून टाकली. निदान बरोबर होतं, ती किडनीच होती. ऑपरेशननंतर मात्र मुलीला लघवी झालीच नाही. ती अकरा दिवस जगली. शवविच्छेदनात कळलं, की तिच्या शरीरात दुसरी किडनी कधी नव्हतीच.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा डोक्यात अडकून राहिलं ते हे, की डॉक्टरांनी वस्तू ओळखली होती. 'हे काय आहे' या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. 'बाकीचं कुठे आहे' हे बघायचं साधन त्यांच्या हाताशी नव्हतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि आमच्याकडे हा रोजचा अनुभव आहे. लक्षण सारखं दिसतं, पण कारणं पाच वेगवेगळी असतात. आमच्याकडे फार तर सर्व्हर बसतो. इथे माणूस जात होता.

या विषयात मी शिरलो त्याचं कारण साधं आहे. मूतखड्याच्या संशयावरून केलेल्या माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ होती: दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोकं स्पष्ट दिसत नाहीत, सीटी स्कॅन करावा. स्कॅन झाला आणि कळलं की माझ्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या आहेत. हॉर्सशू किडनी. मराठीत नालाकृती मूत्रपिंड म्हणता येईल. आईचा पहिला प्रश्न होता, "काढावी लागेल का?" मामांचा दुसरा, "मग ऑपरेशन करून वेगळ्या करून घेता येतात ना?" दोन्ही प्रश्न मला तेव्हा घाबरट वाटले होते. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की वैद्यकशास्त्राने हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारले आहेत, आणि त्यांची उत्तरं द्यायला त्याला बराच काळ लागला.

मेलेल्यांत सापडलेली, जिवंतांत न दिसणारी

आधी रचना समजून घेऊ. गर्भात किडन्या बरगड्यांखाली तयार होत नाहीत. त्या खाली, ओटीपोटाच्या भागात तयार होतात आणि साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकतात. वर जाता जाता त्या वळतातही. सुरुवातीला त्यांचं तोंड, म्हणजे लघवी गोळा होऊन बाहेर पडते ती बाजू, पुढे असतं. शेवटी ते आत, कण्याच्या दिशेला होतं.

या प्रवासाच्या सुरुवातीलाच दोघींची खालची टोकं एकमेकींना चिकटली, तर कण्याच्या पुढून जाणारा एक पूल तयार होतो. कधी तो खऱ्या मूत्रपिंडाच्या ऊतीचा असतो, कधी नुसता तंतूंचा. हा पूल वर सरकताना महाधमनीच्या पुढच्या बाजूने निघालेल्या एका धमनीखाली अडकतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला रक्त पुरवणारी ही धमनी. पाठ्यपुस्तकांतलं नेहमीचं स्पष्टीकरण हेच आहे. म्हणून नालाकृती किडनी नेहमीपेक्षा थोडी खाली राहते, आणि वळणं अर्धवट राहिल्याने तिचं तोंड पुढेच राहतं. साधारण ४०० ते ६०० माणसांत एकाला ही असते, पुरुषांत स्त्रियांच्या जवळपास दुप्पट. दहातल्या नऊहून अधिक वेळा जोड खालच्या टोकांना असतो.

इतकी सर्रास आढळणारी गोष्ट शवविच्छेदन करणाऱ्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. इटलीतल्या बोलोन्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ बेरेन्गारिओ दा कार्पी यांनी १५२२ मध्ये तिची नोंद केली. १५६४ मध्ये लिओनार्दो बोताल्लो यांनी सविस्तर वर्णन केलं आणि चित्रही दिलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी ही गोष्ट युरोपात लिहून ठेवलेली होती.

पण ते ज्ञान मृतदेहाच्या टेबलावरचं होतं. समोर जिवंत माणूस कण्हत बसला असेल आणि त्याच्या बेंबीजवळ काहीतरी कडक हाताला लागत असेल, तर तो किडन्यांचा पूल आहे, गाठ आहे की महाधमनीला आलेला फुगा, हे सांगायला बोताल्लोचं चित्र उपयोगी नव्हतं. एखादी गोष्ट जगात आहे हे माहीत असणं आणि ती समोर आल्यावर ओळखता येणं, या दोन गोष्टींमध्ये इथे साडेतीनशे वर्षांचं अंतर पडलं.

सुरी आधी आली, नजर नंतर

हे अंतर जीवघेणं ठरलं ते सर्जन किडनीपर्यंत पोहोचू लागल्यावर. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सिमोन यांनी ठरवून, योजून एका स्त्रीची एक किडनी काढली. तिच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि लघवी भलतीकडून गळत होती. सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं होतं की एका किडनीवर प्राणी जगतो. ती स्त्री बरी झाली. एका किडनीवर माणूस जगू शकतो हे सिद्ध झालं आणि जगभरच्या सर्जनांना धीर आला.

मात्र या सगळ्या धाडसाच्या मुळाशी एक गृहीतक होतं: दुसरी किडनी आहे, आणि ती चालते. पोल्क यांच्या रोग्याच्या बाबतीत तेच गृहीतक खोटं निघालं.

ते तपासण्याची पहिली वाट खालून, मूत्राशयातून निघाली. माक्सिमिलियान नित्से यांनी १८७७ मध्ये ड्रेस्डेनला सिस्टोस्कोप दाखवला. ही दुर्बीण मूत्राशयात घालून आत बघता येत होतं. मूत्राशयाच्या तळाशी मूत्रवाहिन्यांची दोन तोंडं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढे क्यूबात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आल्बारान यांनी १८९७ च्या सुमारास या दुर्बिणीला एक छोटी हलणारी पट्टी बसवली. तिच्या मदतीने बारीक नळी नेमक्या तोंडात सरकवता येऊ लागली. आता प्रत्येक बाजूची लघवी वेगळी गोळा करता येत होती. किडनी काढण्याआधी दुसरीकडून लघवी येते की नाही हे आधीच बघता येऊ लागलं.

मला ही पायरी फार आवडते. यात किडनीचा आकार कुणालाच दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त दोन छिद्रं. पण तेवढ्यावर प्रश्न अर्धा सुटत होता. एकच तोंड असेल तर बहुधा किडनी एकच, सुरी खाली ठेवा. दोन असतील तर बहुधा किडन्याही दोन. त्या कुठे बसल्या आहेत आणि जोडलेल्या आहेत का, हे मात्र अजूनही कळत नव्हतं. नालाकृती किडनीतही दोन तोंडं असतात, आणि ती अगदी योग्य जागी असतात.

आकार दिसायला क्ष-किरण लागले. रोंटगेन यांनी ते १८९५ मध्ये शोधले, पण साध्या एक्स-रेमध्ये मूतखडा दिसायचा, किडनी मात्र धूसर राहायची. १९०६ मध्ये हायडेलबर्गच्याच फोल्कर आणि लिख्तेनबेर्ग यांनी खालून नळीवाटे चांदीचं द्रावण वर चढवलं आणि एक्स-रे काढला. मूत्रवाहिनी आणि किडनीच्या आतल्या पोकळ्या पांढऱ्या उमटल्या. चित्र मिळालं, पण चांदी काही रोग्यांना बाधली आणि काही जण दगावले.

यापुढची उडी मला एखाद्या स्टार्टअपच्या गोष्टीसारखी वाटते. मोझेस स्विक हा तरुण अमेरिकन डॉक्टर जर्मनीत शिकायला आला होता. आर्थर बिन्त्स आणि कुर्ट रेट या रसायनशास्त्रज्ञांनी जंतुसंसर्गावर औषध म्हणून आयोडीनची काही संयुगं बनवली होती. आयोडीन एक्स-रेत उमटतं आणि ही संयुगं लघवीवाटे बाहेर पडतात, हे स्विकने हेरलं. म्हणजे शिरेत इंजेक्शन द्यायचं, थोडा वेळ थांबायचं आणि फोटो काढायचा. किडनी स्वतःच स्वतःचं चित्र काढते. १९२९ मध्ये हे युरोसिलेक्टान नावाने जगासमोर आलं. स्विक तेव्हा ज्यांच्या विभागात काम करत होता ते फोन लिख्तेनबेर्ग म्हणजे १९०६ चेच लिख्तेनबेर्ग, आता बर्लिनमध्ये. श्रेय कुणाचं यावर दोघांत जुंपली आणि तो वाद कित्येक वर्षं चालला.

वेगळं कसं काढायचं

या फोटोंमुळे पहिल्यांदा जिवंत माणसात नालाकृती किडनी तिच्या भाऊबंदांपासून वेगळी काढता येऊ लागली. वाचता वाचता मी स्वतःसाठी एक यादी केली. अनुक्रमाने प्रश्न विचारत गेलं की उत्तर मिळतं.

पहिला प्रश्न: कण्याच्या दोन्ही बाजूंना किडनी आहे का? नालाकृतीत असते, एक इकडे, एक तिकडे. एक बाजू पूर्ण रिकामी असेल तर शक्यता बदलतात. एक तर दुसरी किडनी जन्मतःच नाही, किंवा ती ओटीपोटात राहून गेली, किंवा पलीकडच्या बाजूला जाऊन पहिलीला चिकटली.

दुसरा प्रश्न: मूत्रवाहिनी मध्यरेषा ओलांडते का? सगळ्यांत जास्त उलगडा याच प्रश्नाने होतो. पलीकडे जाऊन चिकटलेल्या किडनीत दोन्ही किडन्या एका बाजूला, एकाखाली एक असतात. फोटोत एकच लांबट किडनी दिसते. पण दुसऱ्या किडनीची मूत्रवाहिनी मूळ घराकडे परत जाते, कणा ओलांडून आपल्याच बाजूच्या तोंडात उघडते. नालाकृतीत मूत्रवाहिन्या पुलावरून पुढे उतरतात, पण मध्यरेषा ओलांडत नाहीत. किडनी कुठेही भटकली तरी तिची वाहिनी मूळ पत्ता विसरत नाही.

एका बाजूला लांब किडनी दिसण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे दुहेरी रचना. एकाच किडनीत लघवी गोळा करणाऱ्या दोन वेगळ्या पोकळ्या आणि कधी दोन पूर्ण मूत्रवाहिन्या. फरक सोपा आहे. दुहेरी रचनेत दुसऱ्या बाजूची किडनी आपल्या जागी असते, आणि दोन्ही वाहिन्या एकाच बाजूला उतरतात.

तिसरा प्रश्न: किडन्या कशा कललेल्या आहेत? निरोगी माणसात वरची टोकं एकमेकींजवळ आणि खालची लांब असतात, घराच्या छपरासारखी. नालाकृतीत हे उलटतं. खालची टोकं आत वळतात आणि आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा होतो. नुसती न वळलेली किडनी असेल तर तिचंही तोंड पुढे असतं, पण छपराचा कल बराचसा तसाच राहतो आणि पूल नसतो.

चौथा प्रश्न: दोन भाग वेगळे ओळखता येतात का? दोन्ही किडन्या सगळ्या कडेने एकमेकींत मिसळून ओटीपोटात एकच चपटा गोळा झाला असेल, तर ती नालाकृती नव्हे. तिला पॅनकेक किडनी म्हणतात. आपल्याकडे घावन म्हटलं तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

आणि पाचवा, सगळ्यांत धोक्याचा: मधे दिसतंय ते खरंच पूल आहे का? महाधमनीच्या पुढे तर सुजलेल्या लसिकाग्रंथीही दिसू शकतात, लिम्फोमा असू शकतो, महाधमनीचा फुगा असू शकतो. सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूने पूल झाकला जातो, किंवा अर्धवट दिसून गाठीसारखा भासतो. इथे मागोवा घ्यावा लागतो. मधली वस्तू दोन्हीकडे किडनीत विलीन होते का? तिचं रक्त, तिचा पोत किडनीसारखा आहे का? पूल जिवंत मूत्रपिंडाचा असेल तर तो किडनीसारखंच काम करतो आणि किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमध्ये उजळतो. ग्रंथी उजळत नाहीत.

ओळखलं, मग कापलं

ओळखता येऊ लागल्यावर प्रकरण सुखाने संपायला हवं होतं. झालं उलटंच.

कोपनहेगनचे सर्जन थोरकिल्ड रोव्हसिंग यांचं नाव आज अपेंडिक्सच्या एका चाचणीमुळे ओळखलं जातं. त्यांनी १९११ मध्ये नालाकृती किडनीची लक्षणं आणि उपचार यांवर लिहिलं. पाठ मागे ताणली की पोटात दुखतं, कारण पूल मागच्या रक्तवाहिन्यांवर आणि नसांवर दाबला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. उपाय सरळ होता: पूल कापा आणि दोन किडन्या सुट्या करा. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचे रॉबर्ट गुतिएरेस यांनी या विषयावर पूर्ण पुस्तकच लिहिलं. त्यांच्या मते बेंबीभोवतीची दुखी, पचनाच्या तक्रारी आणि लघवीचा त्रास या सगळ्यांचा मिळून एक आजार होत होता, 'हॉर्सशू किडनीचा आजार'.

युक्तिवाद पटण्यासारखा होता, हे मान्य करायला हवं. फोटोत एक विचित्र आकार दिसतो. त्याच माणसाचं पोट दुखतं. मग दोष आकाराचाच. पण पोट तर नाल नसलेल्या माणसांचंही दुखतं. ज्यांचं दुखतं त्यांचेच फोटो काढले जातात, आणि ज्यांचं दुखत नाही त्यांचा नाल कुणाला दिसतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फक्त क्रॅश झालेल्या मशीनचे लॉग वाचून सगळ्या मशीनविषयी निष्कर्ष काढण्यासारखं.

हे तपासायला माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. १९५९ मध्ये जेम्स ग्लेन यांनी नालाकृती किडनीच्या ५१ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना पुढची अनेक वर्षं काहीही त्रास झालेला नव्हता. हळूहळू केवळ दुखण्यासाठी पूल कापणं मागे पडलं. कापण्यात धोकाही कमी नव्हता. पुलाला रक्त अनेक वाटांनी येतं, आणि मोकळ्या केलेल्या किडन्या फारशा हलतही नाहीत, कारण त्यांच्या धमन्या त्यांना तिथेच धरून ठेवतात.

खरा त्रास कुठून येतो हेही त्यातून स्पष्ट झालं. मूत्रवाहिनी किडनीतून उंचावरून निघते आणि पुलावरून वळसा घेते, त्यामुळे लघवीचा निचरा मंदावतो. साचलेल्या लघवीत खडे होतात, संसर्ग होतो. म्हणून उपचार करायचा तो अडथळ्यावर, खड्यावर, संसर्गावर. आकार आहे तसा राहू द्यायचा.

आज रिपोर्ट हातात घेताना

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटाच्या सोनोग्राफीवरचा गाजलेला निबंध लिहिला. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रोग्याचा सीटी स्कॅन झाला. ते मशीन बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, ईएमआय या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत इंजिनिअर होते. अनेक कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून संगणकाने आतला काप उभा करायचा, ही त्यांची कल्पना. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज सीटीत पूल, त्यावरून उतरणाऱ्या वाहिन्या आणि वरची धमनी, सगळं काही सेकंदांत दिसतं. पोल्क यांच्या हातात नसलेलं उत्तर आज जिल्ह्याच्या गावीही मिळतं.

तरी ओळखणं अजून महत्त्वाचं आहे, आणि त्याची कारणं ठोस आहेत. पूल कण्याच्या पुढ्यात, बरगड्यांच्या संरक्षणाबाहेर असतो. अपघातात पोटावर पट्टा आवळला तर त्याला इजा होऊ शकते. महाधमनीचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला तो आधी माहीत हवा, कारण तो वाटेतच आडवा असतो आणि किडनीच्या धमन्याही नेहमीच्या जागी नसतात. खडा काढायचा असेल तर सुई कुठून घालायची हे बदलतं. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींमध्ये नालाकृती किडनी बरीच जास्त दिसते, म्हणून मुलीच्या वाढीविषयी शंका असेल तर ही नोंद डॉक्टरांना सांगायलाच हवी.

तेव्हा तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या सोनोग्राफीवर 'किडनी जागेवर दिसत नाही' असं आलं, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. दुसरी किडनी कुठे आहे? दोन्ही काम करतात का? लघवीचा निचरा नीट होतो का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल आणि त्रास नसेल, तर बहुतेकदा करायचं असतं ते इतकंच: पाणी पुरेसं प्यायचं, डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करायची, आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवायचा. पुढे कधी दुसऱ्याच कारणाने पोट उघडायची वेळ आली, तर सुरी धरणाऱ्याला तो आधी वाचायला मिळाला पाहिजे.